न विचारता उघडलेलं कुलूप

मी एल्टनचा जुना लॅपटॉप. तारकर्लीच्या घरात, कपाटावर, उशांच्या जुन्या अभ्र्यांखाली पडलोय, तिथूनच बोलतोय. माझी बॅटरी केव्हाच मेली, दोन बटणं गळून पडली, आणि पंखा सुरू झाला की घरात पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. स्मरण तेवढं शाबूत आहे, तेच माझं दुखणं.

म्हाताऱ्या वस्तूने आपण कुणाच्या किती उपयोगी पडलो ते सांगायचं असतं. मी तसलं काही सांगणार नाही. माझ्यामुळे एका माणसाचा आवाज दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा गेला तो आजाराने, त्याला कुणाचा इलाज नव्हता. दुसऱ्यांदा गेला तो आमच्या हातून.

माझी पहिली नोकरी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या ऑफिसात. दिवसभर कामगारांची हजेरी. तिथे कंटाळून टाकून दिलेल्या मला एल्टनने उचललं. एल्टन कुडाळलाच राहून एका संस्थेत पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, रविवारी घरी येतो. त्याने माझ्यातलं सगळं जुनं झाडून काढलं, लिनक्स नावाची फुकट प्रणाली घातली आणि रविवारी मोटारसायकलवरून मला घरी आणलं. आई सेवरीना म्हणाली, "हां कितां हाडलंस रे? भंगार?" एल्टन हसला. मला राग आला, पण बाई काही खोटं बोलत नव्हती.

घरात चौघं. एल्टन, त्याची बहीण ग्लिनिस, जी मालवणात शाळेत शिकवते, सेवरीना, आणि बाप फेलिक्स. फेलिक्स तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. मालवण स्टँडवर उभा राहून तो "कुडाळ, कुडाळ" अशी हाळी द्यायचा, तेव्हा जेटीवर बसलेली माणसं पिशव्या उचलून धावायची म्हणे. घरी संध्याकाळी तेर्स असायचा. ख्रिस्तावांच्या घरात हा रोजचा नेम. गुडघ्यावर बसून हातात माळ धरायची, एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला अर्धा. पहिला अर्धा नेहमी फेलिक्सचा. शेजारची आनंदीबाई तुळशीकडे दिवा लावताना म्हणायची, "फेलिक्साचो तेर्स सुरू झालो, म्हणजे सात वाजले."

त्याच फेलिक्सच्या घशात गाठ निघाली. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनला बारा दिवस होते.

एल्टन रडत बसला नाही, रजा टाकून घरी आला. त्याने आतल्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवल्या, पंखा बंद केला, माझ्यासमोर माइक ठेवला आणि बापाला बनियनवर बसवलं. "पप्पा, बोला." फेलिक्स म्हणाला, "माज्या आवाजाचां काय लोणचां घालतंस?" पण बोलला बापडा. बारा दिवस बोलला. सगळ्यांची नावं, भूक लागली, दार लाव, बांगडो ताजो आसा काय, कुत्र्याला घातलेल्या शिव्या, आणि तेर्सचा आपला अर्धा भाग. घसा दुखायचा, मग गरम पाणी पिऊन पुन्हा. सगळं माझ्या डिस्कवर उतरत होतं. एवढं मोलाचं काही माझ्यात कधी कुणी ठेवलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायचा.

ऑपरेशन झालं. एल्टनने तळहाताएवढी एक पेटी केली, तिला सोळा बटणं लावली. माझ्यातला आवाज दाबून लहान केला आणि पेटीतल्या चिपमध्ये भरला. चिपला कुलूपही लावलं. कुलूप म्हणजे बाहेरून कुणी आत हात घालू नये अशी सोय, कुणी चुकून काही पुसू नये म्हणून. दवाखान्यातून परत आल्यावर फेलिक्सने पहिलं बटण दाबलं, आणि ओसरीतून त्याचाच आवाज आला, "गो सेवरीना, पाणी दी." सेवरीना स्वयंपाकघरातून दोन तांबे घेऊन आली. एक हातात देऊन दुसरा घेऊन तिथेच उभी राहिली. त्या संध्याकाळी तेर्स पुन्हा सुरू झाला.

दोन वर्षं सगळं बरं चाललं. आता माझा आणि एल्टनचा मूर्खपणा सांगतो.

चिपच्या आत डोकावून तिचं कुठे अडलंय ते बघणारा एक प्रोग्राम आहे. फुकट, सगळ्या जगाला मोकळा, त्याचा सोर्स कोडसुद्धा, म्हणजे लिहिलेला मूळ मजकूर, कुणीही घ्यावा. संस्थेतल्या पोरांना तो रोज लागायचा. पण संस्थेचे कॉम्प्युटर माझ्याच वयाचे, त्यांच्यासाठी तयार पॅकेज मिळायचं बंद झालेलं. एल्टन म्हणाला, आपणच बांधू. सोर्स कोड म्हणजे शेतातला, टरफलासकटचा भात. भात तसाच कुणी शिजवून खात नाही. तो भरडायचा, पाखडायचा, तांदूळ पिशवीत भरून पिशवी शिवायची, तेव्हा तो दुसऱ्याच्या घरी पोचतो. ती शिवलेली पिशवी म्हणजे पॅकेज. भरडण्याचं काम माझ्याकडे.

भरडताना एल्टनने त्यात पदरचंही थोडं घातलं. पोरांना सरावाला मिळायच्या त्या चिप जुन्या मोडक्या यंत्रांतून काढलेल्या, सगळ्या कुलूपबंद. पोरं अडायची, समर्थ नावाचा एक तर दर दहा मिनिटांनी हाक मारायचा, "सर, कुलूप." असल्या चिपचं कुलूप काढायचा एकच मार्ग असतो, आतलं सगळं पुसायचं. म्हणून मूळ प्रोग्राम कुलूप दिसलं की थांबतो आणि मालकाला विचारतो. एल्टनने ती विचारपूस काढून टाकली. कुलूप दिसलं की उघड, भानगड नको. पोरांच्या चिपमध्ये जपण्यासारखं होतंच काय? मास्तर माणूस, वर्गाची सोय बघितली.

मग मी भरडायला बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत घरघरत होतो. प्रोग्रामला लागणाऱ्या तयार तुकड्यांपैकी, म्हणजे लायब्रऱ्यांपैकी, ही नाही, ती जुनी आहे, सतरा विघ्नं. एल्टन एकेक निस्तरत गेला. शेवटी मीच त्याला सांगितलं, डिस्कवर जागा नाही. त्याने सगळीकडे शोधलं. सर्वांत मोठं गाठोडं कुठलं असणार? पप्पांच्या बारा दिवसांच्या बोलण्याचं.

तो थांबला होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. दोन वेळा हात मागे घेतला. मग स्वतःशीच म्हणाला, "पेटीत आसाच मां सगळां. मागीर बटणां दाबून परत भरून घेतंय." आणि त्याने ते पुसलं. मला वाटलं, अडून बसावं. पण यंत्राला अडून बसता येत नाही, बिघडता तेवढं येतं, आणि त्या दिवशी नेमका मी धडधाकट होतो. मोकळी झालेली जागा मी अधाशासारखी भरली. हजारो बारीकसारीक फाइली त्या आवाजाच्या डोक्यावर लिहीत गेलो. दुपारी पॅकेज तयार झालं. एल्टन खूश. संस्थेत एका झटक्यात सगळीकडे बसलं, समर्थच्या हाका बंद झाल्या. पुढे एल्टनने नवीन लॅपटॉप घेतला आणि मी घरी ग्लिनिसकडे राहिलो. पेटीतून आवाज काढून घ्यायचं त्याच्या मनात होतं, पण पेटी बोलत होती ना, मग घाई कसली?

एका गुरुवारी सकाळी पेटी अडली. दिवा लागलेला, बटणं मात्र गप्प. तसं काही मोठं झालं नव्हतं. प्रोग्राम जागच्या जागी थबकला होता, त्याला एक धक्का दिला असता तर चालू लागला असता. ग्लिनिसला सुट्टी होती. तिने एल्टनला फोन लावला. तो प्रात्यक्षिक परीक्षेत, चाळीस पोरं समोर.

"घाबरू नको गो," तो म्हणाला. "जुनो लॅपटॉप काड. माजां पॅकेज आसा त्यात. चार तारा लाव, रंग बगून लाव. आता मी सांगतंय ती ओळ लिही."

ग्लिनिसने तारा लावल्या. ओळ लिहिली. फेलिक्स बाजूला खुर्चीवर बसून बघत होता. मी चिपच्या दाराशी गेलो. चिप म्हणाली, मला कुलूप आहे. मूळ प्रोग्राम असता तर तिथे थांबला असता, त्याने विचारलं असतं. पण माझ्या पोटात एल्टनची ती सोय होती. मी विचारलं नाही. दोन सेकंदही लागले नाहीत.

"काय दिसता?" एल्टनने विचारलं.

"'कुलूप काढलं, चिप मोकळी,' असां लिवलेलां दिसता."

पेटीलाही आपणच कुलूप लावलं होतं, हे त्याला आत्ता आठवलं. फोनवर मागून कुणीतरी पोरगं "सर, सर" म्हणत होतं.

"एल्टन? बरां झालां मां?"

त्याने फोन ठेवला. तासाभरात तो दारात होता, संस्थेचं ओळखपत्र अजून गळ्यात. फेलिक्स तोवर पेटीची सोळाच्या सोळा बटणं एकेक करून दाबत होता. पेटीत नसलेलं काही सांगायचं असलं की तो पाटीवर लिहायचा; आता तिच्यावर होतं, "बॅटरी?" ग्लिनिस रडत होती, पण आपण नेमकं काय केलं ते तिला कळलं नव्हतं.

एल्टन बापाच्या पायाशी बसला. "पप्पा, ग्लिनिसची चूक नाय. मी पुसलंय. लॅपटॉपातलां पण मीच पुसलंय, पेटीतलां पण मीच."

फेलिक्सने पाटी पुसली.

सगळ्यांचे फोन धुंडाळले. फेलिक्स कधी फोनवर आवाज पाठवून ठेवणारा नव्हता, तो थेट हाळीच द्यायचा. एका लग्नाच्या व्हिडिओत तो गाताना दिसतो, पण तिथे बँड एवढा जोरात की नुसतं तोंड हलताना दिसतं. संध्याकाळी सेवरीनाने मेणबत्ती लावली. सगळे गुडघ्यावर बसले. फेलिक्सने माळेचा मणी धरला आणि जेवढा वेळ त्या अर्ध्या प्रार्थनेला लागायचा, तेवढा वेळ तो नुसता बसला. कुणाला कळेना काय करावं. मग सेवरीनाने बरोबर त्या जागी उरलेली अर्धी प्रार्थना म्हटली. पुढचा मणी. पुन्हा तसंच. पन्नास मण्यांचा तेर्स त्यांनी असा पुरा केला. मी टेबलावर उघडाच होतो. मी यंत्र आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी मी जळून गेलो असतो तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

एल्टनने पॅकेज पुन्हा बांधलं. आता ते कुलूप दिसलं की थांबतं आणि मराठीत विचारतं, आत जे आहे ते कायमचं पुसलं जाईल, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे का? वरातीमागून घोडं. पोरं कुरकुरतात, सर, हे एवढं कशाला विचारतं?

आणि मग त्याने माझं उत्खनन सुरू केलं. दर रविवारी कुडाळहून यायचा, मला खिडकीत ठेवायचा आणि पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम लावायचा. सकाळी बसला की दुपारपर्यंत. माझी डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत त्याने तीनदा, चारदा, सातदा चाळली. जे निघायचं ते त्याने स्वतःच भरडलेलं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, नाही रे बाबा काही, मीच ते बुजवलं, तुझ्यासमोर बुजवलं. ओसरीत फेलिक्स एकटा बसलेला असायचा. आठवड्यातून एकदा येणारा मुलगा, आणि तोही माझ्यात तोंड खुपसून. म्हातारा दारातून डोकावून जायचा. यंत्राच्या आवाजाला चटकन ओ देणारा एल्टन, बापाच्या पावलांकडे त्याचं लक्षच नसायचं.

गेल्या रविवारी दुपारी जेवणं वाढली होती. सेवरीनाने दोन हाका मारल्या. एल्टन म्हणाला, "थांब गो, अजून थोडां रवलां." माझ्या पडद्यावर त्याच त्या निरुपयोगी ओळी सरकत होत्या. फेलिक्स आला. त्याने आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरी नसल्यामुळे मी तिथल्या तिथे विझत होतो. एल्टन दचकून म्हणाला, "पप्पा, एक फाइल तरी गावली असती." त्यावर फेलिक्सने काखेतली पाटी काढली, लिहिलं आणि त्याच्यासमोर धरली. माझा पडदा काळा झाला होता, पण वरचा छोटा कॅमेरा जाता जाता एवढं वाचून गेला.

"आवाज गेलो. मी आसंय."

मग माझं झाकण मिटलं. कुणाच्या हाताने ते मला सांगता येणार नाही. पण एल्टनचं रडणं मला झाकणातून ऐकू येत होतं. नंतर कुणीतरी मला उचलून इथे वर ठेवलं.

तेव्हा एक मागणं आहे. एल्टन पुन्हा कधी मला खाली काढायला आला, तर तुमच्यापैकी कुणीतरी त्याला अडवा. त्याला सांगा, लॅपटॉपमध्ये काही नाही, असं लॅपटॉपनेच सांगितलंय. म्हणावं, तुझा बाप बाहेर ओसरीत बसलाय, आधी तिकडे जा.