चांदोबाबाईंचा चंद्र

घड्याळांच्या कारखान्याचा तरुण व्यवस्थापक स्वतः घरी आला, खिशातून दोन डब्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "काकू, प्रदर्शनात एकच घड्याळ मांडायचंय. कुठलं ते तुम्ही दोघांनी ठरवा. संध्याकाळी फोन करतो."

'दोघांनी' हा शब्द त्यानं सवयीनंच वापरला असणार. आतल्या खोलीत खिडकीशी बसलेल्या मास्तरांना हल्ली आपण कुणाच्या घरात आहोत हेही कळत नव्हतं, ते काय ठरवणार कप्पाळ! पण बाईंनी मान डोलावली. तो गेल्यावर त्यांनी दोन्ही डब्या उघडल्या.

दोन्ही घड्याळं चंद्राच्या कला दाखवणारी, भारी किमतीची, एकाच वर्षी बनलेली. एकाची तबकडी मास्तरांनी घडवलेली, दुसऱ्याची त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंनी. मास्तर तबकड्यांच्या विभागाचे प्रमुख होते. बाई त्याच विभागात कुंचला घेऊन बसायच्या, जन्मभर त्यांनी चंद्र रंगवले, म्हणून सगळे त्यांना चांदोबाबाई म्हणत.

मास्तरांचं घड्याळ म्हणजे साक्षात मास्तरच. गडद निळी तबकडी, आकड्यांचा पत्ता नाही, नुसत्या बारीक रेघा. खाली चंदेरी चंद्र, अगदी खऱ्यासारखा, खड्ड्यांसकट. शंभर वर्षं चालवा, एका दिवसानं चुकायचा नाही. बाईंची तबकडी सायीच्या रंगाची. वरच्या बाजूला अर्धगोल खिडकी आणि तिच्यातून डोकावणारा सोनेरी चंद्र, नाक-ओठ असलेला, डोळे अर्धवट मिटलेला. हा लबाड दोन-तीन वर्षांनी एक दिवस मागे पडायचा आणि मग कडेचं बारीक बटण टोचून त्याला जागेवर आणावं लागायचं.

"घड्याळ आहे ते, पाळणाघर नव्हे," ती तबकडी पहिल्यांदा पाहून मास्तर म्हणाले होते. मग जरा वेळानं, "बरं आहे."

बाईंनी दाखवलेल्या प्रत्येक तबकडीला हेच दोन शब्द. विभागात एक रीत होती. एखादं काम निर्दोष वाटलं की मास्तर डोळ्याचं भिंग काढून त्या कामाशेजारी ठेवायचे. तोंडानं काही बोलायचे नाहीत. पण भिंग टेबलावर टेकलं की सगळा विभाग उठून बघायला यायचा, आणि ज्याचं काम असेल त्याचे पाय दिवसभर जमिनीला लागायचे नाहीत. स्वतःच्या बायकोच्या कामाशेजारी भिंग ठेवलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीनं मास्तरांनी बाईंना तो मान कधी दिला नाही. बाईंना हे कारण ठाऊक होतं. तरी लागायचंच, आणि निवृत्त झाल्यावरही लागत राहिलं. एकदा, फक्त एकदा तरी त्यांनी ते भिंग ठेवावं, एवढीच बाईंची हौस होती.

आता तर मास्तर त्यांना 'ताई' म्हणत. औषधं द्यायला येणाऱ्या कुणी ताई. 'अहो' म्हटलं तर इकडेतिकडे बघत, 'मास्तर' म्हटलं तर ओ देत. म्हणून बाईही त्यांना मास्तरच म्हणू लागल्या होत्या.

"मास्तर, जरा बघता का? यातलं चांगलं कुठलं?"

दोन्ही घड्याळं आत नेऊन मास्तरांपुढच्या मेजावर ठेवत बाईंनी त्यांचं भिंग पुढे केलं. सकाळी चमच्याचं काय करायचं ते विसरलेल्या त्या हातानं भिंग अचूक डोळ्यात बसवलं, भुवईनं पकडलं. आता ओळखतील, बाईंना वाटलं, निदान स्वतःचं तरी.

मास्तरांनी आधी निळं घड्याळ उचललं.

"हात स्वच्छ आहे," ते म्हणाले. "पण माणूस भित्रा. चूक दिसायला नको म्हणून एकेक करून सगळं काढून टाकलंय."

"कुणाचं असेल?"

"असेल कुणा शिष्टाचं."

बाईंना हसू आवरेना. इतकी वर्षं त्यांच्या मनात नेमकं हेच होतं, म्हणायची छाती झाली नव्हती. हसता हसता त्यांना भरूनही आलं, कारण मास्तरांनी स्वतःला ओळखलं नव्हतं.

मग दुसरं घड्याळ. मास्तरांनी ते उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, पुन्हा सरळ केलं.

"ही पापणी बघा," शेवटी ते म्हणाले. "एका दमात ओढलीय. दुसऱ्यांदा हात लावलेला नाही. झोप आलीय त्याला, पण आपण जागे आहोत म्हणून जागतोय बिचारा."

असं म्हणून त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं आणि सायीच्या रंगाच्या त्या तबकडीशेजारी अलगद ठेवलं.

उठून बघायला आता विभाग नव्हता. बाई एकट्याच होत्या.

"कुणी केलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या. "मी केलंय, मास्तर."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे हसले. "ताई, चेष्टा करता होय गरिबाची! ज्यानं कुणी केलंय त्याला निरोप द्या. मास्तरांनी भिंग ठेवलं म्हणावं. कळेल त्याला."

"देते."

"विसरू नका हं. आमची हीसुद्धा चंद्र काढते. फार सुंदर काढते. तिला कधी सांगितलं नाही मी, राहूनच गेलं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आज घरी गेलो की सांगतो."

बाहेरच्या खोलीत फोन वाजला. बाई भिंतीला धरत तिथवर गेल्या.

"काकू, ठरलं का?"

"मास्तरांनी निवडलं."

"कुठलं?"

"माझं," बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू एकदम बाहेर पडलं. त्यांनी फोन खाली ठेवला, पदर तोंडात धरला, तरी आवाज आत गेलाच.

"ताई?" आतून मास्तरांनी काळजीनं विचारलं. "रडताय का? घरी सगळं ठीक आहे ना?"

बाईंनी डोळे पुसले.

"हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "बरं आहे."