लोहाराचं नाणं

कराकोलच्या गुरांच्या बाजारात कोण कशाला आलंय ते बुटांवरून कळतं. मेंढ्या घेणाऱ्याचे बूट घोट्यापर्यंत शेणाने माखलेले, आणि जुनी नाणी घेणाऱ्याचे लखलखीत. नाणेवाले बसतात मागे, कालव्याच्या कडेला, जमिनीवर चादरी अंथरून. तिथे जायला चिखल तुडवावा लागत नाही, फक्त लाज सोडावी लागते, असं केनेशची बायको म्हणायची. "माझ्या तोंडात प्लास्टिकचे दात आणि ह्यांच्या कपाटात चांदी," हे ती पाहुण्यांसमोरही ऐकवायची.

केनेश दात करणारा. सरकारी दवाखान्यात लोकांच्या कवळ्या घासण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाला तेव्हा दवाखान्याच्या कपाटातली पाऱ्याची एक बाटलीही त्याच्याबरोबर घरी आली. कशाला आणली म्हणाल, तर उगाच. फुकट ते पौष्टिक.

त्या रविवारी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, कागदात गुंडाळलेला एक 'लोहार' होता. लोहार म्हणजे सोव्हिएत राज्य नवं होतं तेव्हाचा चांदीचा अर्धा रूबल. त्यावर ऐरणीवर घण घालणारा माणूस आहे, म्हणून नाव पडलं लोहार. पूर्वी बायकांच्या वेण्यांना हेच लोहार लटकलेले असत. पण केनेशच्या खिशातला खोटा होता. निव्वळ तांबं. वसंतात कुणीतरी तो त्याच्या गळ्यात मारला होता. सगळ्या बाजाराला नाणी पारखून देणाऱ्या केनेशच्या गळ्यात! उन्हाळाभर त्याला ते सलत राहिलं. शेवटी परवा त्याने ती बाटली काढली, थोडा पारा तेजाबात विरघळवला, काडीला कापूस गुंडाळला आणि तांब्यावर घासला. बघता बघता लोहार चांदीचा झाला. खोट्याचं खरं करण्यातच जन्म गेलेला माणूस, त्याला हे काय जड?

आणि नियम तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. सौदा ठरला की हातावर हात मारायचा, दोघांनी 'बेरिके' म्हणायचं, म्हणजे बरकत असो, की विषय संपला. नंतर रडत आलात तर कुणी ढुंकून बघत नाही.

"या केनेश बाइके, या," इस्मारने चादरीवरून, थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारली. "तुमची नवरी अजून माहेरीच आहे."

इस्मार जातीने दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, गोल टोपीवाला, जिभेला हाड नसलेला. आणि ती नवरी म्हणजे टेंगा, कोकंदच्या खानाचं जुनं चांदीचं नाणं. काठ जरा झिजलेले, पण अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. केनेश उन्हाळाभर तिच्याभोवती घुटमळत होता.

"किंमत उतरली का?"

"उतरेल की. तुमचं वय उतरेल तेव्हा."

घासाघीस बरीच चालली. शेवटी केनेशने काही सोमच्या नोटा मोजल्या आणि वरून कागदाची पुडी ठेवली. "बाकीच्या बदल्यात हा लोहार घे. चकचकीत आहे."

इस्मारने पुडी उघडली, नाणं तळहातावर तोललं. मग केनेशच्या तोंडाकडे बघितलं. केनेश बाजूच्या चादरीवरच्या समोवाराची तोटी निरखत होता.

"बरं," इस्मार म्हणाला. "बेरिके."

"बेरिके."

झालं. केनेश असा खूष झाला की विचारू नका. टेंगा मुठीत धरून तो थेट अशल्यान-फूच्या टपरीवर गेला, आंबटतिखट थंड शेवयांचा वाडगा मागवला, वर सारण भरून तळलेली गरम पिरोश्की. दर दोन घासांनी मूठ उघडून बघायचा. वसंतातलं उट्टं निघालं, टेंगाही मिळाली, एका दगडात दोन पक्षी. ह्यापेक्षा चांगला रविवार कोणता?

परतताना इस्मारला जरा खिजवावं म्हणून तो मुद्दाम चादरीवरून गेला. तर इस्मारच दात काढून बसलेला.

"बाइके, तुमचा लोहार गेला. तुम्ही कालवा ओलांडला नसेल तेवढ्यात."

"कुणाला गेला?"

"म्हातारी होती एक. मी म्हटलेल्या किमतीला. घासाघीसही केली नाही."

"चांदी म्हणून विकलास?"

"तुम्ही मला काय म्हणून दिलात?" इस्मारने डोळा मिचकावला. "वजनावरून कळत नाही का मला? तांबं आहे ते. पण म्हटलं, खपेल. आणि तिला काय, नातवाच्या चाळिसाव्याला पाण्यात टाकायचंय. पाण्यात तांबं काय नि चांदी काय."

चाळिसावं म्हणजे चाळीस दिवसांच्या बाळाची आंघोळ. पाण्यात चांदी टाकतात आणि ते पाणी चाळीस चमचे मोजून बाळाच्या डोक्यावर घालतात. डोक्यावरून डोळ्यांत, नाकात, तोंडात.

"कधी आहे आंघोळ?"

"आजच. सूर्य डोक्यावरून ढळला की. बिचारीची आधीची दोन नातवंडं चाळीस दिवसांच्या आत गेली म्हणे. म्हणून ह्याचं नाव तोक्तोसुन ठेवलंय, म्हणजे हा तरी टिकून राहो. तेवढं सांगितलं, मग नाणं घेतलं, इथंच जिभेवर ठेवलं, मान हलवली, पैसे टाकले आणि गेली. साधं बेरिकेसुद्धा म्हणाली नाही, खवट म्हातारी."

"जिभेवर ठेवलं?"

"चांदी जिभेला गार लागते ना, तसं बघितलं असेल. तुम्हाला काय झालं? बसा. शेवया बाधल्या वाटतं."

केनेशला बसायचं नव्हतं. त्याला तरुणपणी काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या रशियन माणसाचं बोलणं कानात वाजत होतं. बाटलीतला पारा हातावर खेळवलास तरी चालेल. तेजाबात विरघळलेला जिभेला लागला, तर माझ्याकडे येऊ नकोस, मुल्लाकडे जा. परवा हे त्याला आठवलं होतं. आठवलं होतं म्हणून तर त्याने हातमोजे घातले, नाणं कागदात बांधलं. स्वतःची बोटं सांभाळली. दुसऱ्याची बोटं, दुसऱ्याचं तोंड, ह्याचा विचार मनात आलाच नाही. इस्मार गंडवला जाईल आणि तो पुढच्या कुणा हौशीला गंडवेल, एवढंच त्याने बघितलं होतं.

"कुठली होती ती?"

"तेरेक-बुलाकची. बुरुल अपा म्हणतात. मेंढरं विकायला आलेल्या शेजाऱ्याच्या गाडीतून परत गेली. बाइके, अहो, बेरिके झालंय आपलं!"

केनेश तोवर पळत सुटला होता. मेंढ्यांच्या कळपातून, शेणातून, चिखलातून. बुटांचं काय झालं ते त्याने पाहिलं नाही.

भाड्याची गाडी मिळाली, पण गाडीवाला गप्पिष्ट निघाला. यंदा बर्फ लवकर, यंदा गवत महाग. केनेश खिडकीतून सूर्याकडे बघत होता. सूर्य डोक्यावर आलेला. दोन पोरं आधीच गेलेली, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर आपण विषाचं पाणी ओतायला दिलं. तिथे पोचेपर्यंत आंघोळ झाली असेल तर? दारातून रडणं ऐकू आलं तर? आणि रडणं ऐकूच आलं नाही तर? अल्ला, एवढं पोर वाचव, कपाट रिकामं करतो, सगळं वाटून टाकतो, असं तो मनात म्हणाला. ज्याने रोजे कधी धरले नाहीत, त्याला अल्ला आठवला.

पण माणूस किती लबाड असतो बघा. एवढं घाबरलेलं असतानाही त्याचं डोकं एक खोटं रचत होतं. आत जाऊन म्हणायचं, इस्मारने चुकून दुसरंच नाणं दिलं, तुमचं हे घ्या. आणि टेंगा द्यायची. खरी चांदी, खानाची. म्हणजे पोरही वाचेल आणि अब्रूही. बाळासाठी घेतलेली वस्तू परत देऊ नये, दिली तर बाळही परत जातं, असं मानतात आपल्याकडे. पण आपण परत कुठे मागतोय, बदलूनच तर देतोय. पाऱ्याचं नाव तोंडातून काढायची गरजच नाही. हे खोटं त्याने वाटेत इतक्या वेळा घोकलं की शेवटी त्याला ते खरंच वाटायला लागलं.

घर सापडायला वेळ लागला नाही. तळलेल्या बोरसोकचा वास फाटकापर्यंत येत होता. अंगणात बायकांची गर्दी, आणि मधोमध चौरंगावर पाण्याचं घमेलं. शेजारी लाकडी चमचा. केनेशने कान टवकारले. बाळ रडत होतं. चांगलं खणखणीत, भुकेलेलं.

"आंघोळ झाली?" त्याने सलामही न करता विचारलं.

बाळाला घेऊन उभी असलेली तरुण आई, मीरगुल तिचं नाव, दचकली. पण दारात आलेला माणूस, तोही पांढऱ्या केसांचा, बापाच्या ठिकाणचा. तिने कुणाला तरी खुणावलं आणि भाकरी पुढे आली. "भाकरी मोडा, अता. नाही झाली अजून. आता करणारच होतो."

"पाण्यात चांदी टाकली?"

"अजून नाही. अपाजवळच आहे."

त्याने फाटकाची फळी धरली. वाचलं. पोर वाचलं. त्याला हसू आलं, रडू आलं, त्याने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग घोकलेलं सगळं घडाघडा बोलून गेला. इस्मारची चूक, अदलाबदल, ही खानाची टेंगा, बाळाच्या नशिबाची.

"ऐकलंत का अपा?" मीरगुल वळून म्हणाली.

भिंतीशी, उन्हात, पांढरा रुमाल बांधलेली म्हातारी बसली होती. तिने केनेशकडे बघितलं आणि ठाम मान हलवली. नाही.

"अहो, ही जास्त चांगली आहे," केनेश म्हणाला. "हातात घेऊन तर बघा, अपा. तुमचं द्या मला."

पुन्हा मान. बोलणं नाही.

"त्या बोलायच्या नाहीत, अता," मीरगुल हळू आवाजात म्हणाली. "आंघोळ होईपर्यंत नाही. आधीच्या दोन्ही वेळी आम्ही पेटीतली गारठलेली चांदी तशीच पाण्यात टाकली. अपांच्या मनाने तेच घेतलंय, की गार चांदीनेच पोरं गारठली. म्हणून ह्या खेपेला नवीन घेतली, आणि घेतल्यापासून तोंडात धरलीय. दुवा म्हणत, ऊब देत आणलीय बाजारातून. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नाही हो."

केनेशला आधी कळलंच नाही. मग त्याने म्हातारीच्या गालाकडे बघितलं. उजवा गाल जरा फुगलेला होता. ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांच्या कडा राखाडी.

"थुंका," तो म्हणाला. "अपा, थुंका ते."

म्हातारीने ओठ आणखी आवळले. हा मेला कोण, माझ्या नातवाचं नशीब काढून न्यायला आलेला, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. बायका पुढे सरकल्या. कुणीतरी त्याची बाही धरली.

आता खोटं चालणार नव्हतं. जे खोटं त्याने वाटभर घोकलं, त्यानेच इथे आल्यावर आणखी वेळ खाल्ला होता, आणि तेवढा वेळ ते नाणं त्या तोंडात होतं. केनेश गुडघ्यांवर बसला, शेणाच्या बुटांसकट, सगळ्यांच्या देखत.

"चांदी नाही ती," तो म्हणाला. "तांबं आहे. मी वरून पारा लावलाय. तेजाबातला पारा. विष आहे, अपा. मी केलंय ते. ह्या हातांनी केलंय. पाया पडतो, थुंका."

बाळ नेमकं तेव्हाच रडायचं थांबलं, त्याला छातीशी धरलं होतं म्हणून. बुरुल अपा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शालीखालून हात काढला, तोंडाशी धरला आणि नाणं तळव्यात काढलं.

"दूध आणा," केनेश ओरडत होता, "अंडी आणा कच्ची, गाडी थांबवा ती बाहेरची, दवाखान्यात न्यायचंय." कुणी धावलं, कुणी भांडं सांडलं. पण म्हातारी हलली नाही. तिने हात उन्हात धरला आणि नाणं उलटून बघितलं, पुन्हा उलटून बघितलं. ऐरण, घण, घण उचललेला माणूस, सगळं स्वच्छ लाल होतं. पांढरा ठिपकासुद्धा कुठे उरला नव्हता.

नाणं तोंडात धरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली. आवाज घोगरा होता, पण राग नव्हता त्यात. खरंच कळत नाही म्हणून विचारावं, तसं तिने विचारलं.

"मग ह्याच्यावरची चांदी कुठे गेली, लेका?"