नाव काढायचं होतं

चार घड्या घातलेला अर्ज मुठीत धरून कंडक्टरबाई बालवाडीच्या खिडकीपाशी घुटमळली. आत जायला पाय धजेना. ही सरकारी बालवाडी वीस मुलांच्या पटावर जेमतेम तग धरून होती. एकोणीस झाली की कुलूप, असं वरून पत्रच आलं होतं. विसावं नाव तिच्या लेकीचं. आणि तेच काढायला ती आज अर्धी रजा टाकून आली होती.

तिचंही काही चुकत नव्हतं. बसमध्ये आईच्या तोंडाला दिवसभर उसंत नाही, आणि चार वर्षांची लेक घराबाहेर ओठ उघडायला तयार नाही. सहा महिने इथे येऊनही पोरगी गप्पच. खासगी शाळेत घाल, तिथली मुलं आठवड्यात पोपटासारखी बोलतात, असं जाऊबाई उठता-बसता ऐकवत होत्या.

आत हजेरीची वेळ झाली होती. इथे हजेरी बालवाडीच्या बाई घेत नसत. रोज एक मूल घेई. वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाच्या नावाला एक चित्राचं कार्ड होतं: बदक, छत्री, किल्ली. झाडू घेऊन बाहेर आलेली मदतनीस मावशी आपणहून सांगू लागली, की बाई कार्डं रोज आधी तुमच्याच लेकीच्या मांडीवर ठेवतात. ती बोलत नाही. बाई बराच वेळ थांबतात, मग "बरं, उद्या घे" म्हणून दुसऱ्याला देतात. सहा महिने हेच. एक दिवस खंड नाही, की आवाज चढवणं नाही.

कंडक्टरबाईने आत डोकावलं. लेक मांडीवरच्या कार्डांकडे बघत होती आणि बाई थांबल्या होत्या. मग लेक उठली, गठ्ठा काखेत मारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"चला, पुढे सरका, पुढे सरका. बदक कोण? छत्री मागे का राहिली?"

पोरं सरकलीसुद्धा. मावशी तोंडावर हात धरून हसू लागली. हा आपलाच आवाज, हे कंडक्टरबाईच्या जरा उशिराच लक्षात आलं, आणि तिचे डोळे भरून आले. तशीच ती दारात जाऊन उभी राहिली. बाईंची नजर तिच्या मुठीतल्या कागदावर गेली.

"काही काम होतं?"

"नाव काढायचं होतं," ती सवयीने बोलून गेली.

बाई लेकीकडे बघत म्हणाल्या, "काढलं की तिनं. आत्ताच काढलं."

आपल्या मुलीसाठी कुणीतरी रोज थांबत होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. या बाईंचे उपकार कसे फेडायचे, कंडक्टरबाईला कळेना.

"दारात उभं राहायचं नाही," लेकीने आईलाही सोडलं नाही. "आत व्हा. जागा आहे."

अर्ज पर्समध्ये कोंबून कंडक्टरबाई छत्री आणि किल्लीच्या मधे मांडी घालून बसली.