चांगुणाबाईंचा सूर्य आणि धुरपदाबाईंच्या म्हशी

बेंबळीच्या दूध सोसायटीच्या फळ्यावर चेअरमन आण्णासाहेबांनी खडूनं ठसठशीत लिहून टाकलं, 'उद्याच्या सभेत चांगुणाबाई सूर्य पाहून पाऊस सांगतील.' ते वाचून चांगुणाबाईंना वाटलं, पदरानंच पुसून टाकावं.

चांगुणाबाई वाघमारे गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. बारा वर्षं झाली, रोज सकाळी छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायच्या आणि त्यावरचे डाग पेन्सिलीनं गिरवायच्या. अंगणात वारा कागद उडवायचा. शेजारच्या शेळीनं तर एकदा अख्खा मार्च महिना खाऊन टाकला. म्हणून त्यांना सोसायटीच्या माडीवरची खोली हवी होती. पूर्वेला खिडकी, आत अंधार, मुक्कामाला फक्त पेंडीची पोती. सभासदांनी होकार दिला की खोली त्यांची. साल होतं अठ्ठ्याऐंशी, आणि मागची तीन वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. पावसाचं एक गोड भाकीत केलं असतं तरी काम फत्ते होतं.

सभेला ही गर्दी! एरवी चहालासुद्धा न थांबणारे पुढं येऊन बसलेले.

"पाऊस मला सांगता येत नाही," बाईंनी उभं राहताच सांगून टाकलं. आण्णासाहेबांचा चेहरा पडला. आपल्याला खोटं का जमत नाही, याचा बाईंना स्वतःचाच संताप आला.

"मग त्या डागांचा उपेग काय वो?" महालिंगप्पानं विचारलं. हा सोसायटीचा सर्वांत जुना सभासद आणि सर्वांत मोठा शंकेखोर.

"डाग अकरा वर्षांत वाढतात आणि कमी होतात. पार उत्तर ध्रुवावर, ढगांच्याही लई वर, हिवाळ्यात जोराचे वारे गरगर फिरतात. त्या वाऱ्यांवर या डागांचा परिणाम होतो का, याचा शास्त्रज्ञ कधीचा शोध घेत होते. काहीच दिसेना. आता जर्मनीतल्या एका बाईंनी युक्ती केली. विषुववृत्तावर, तेवढ्याच उंचीवर, वारा साधारण वर्षभर पश्चिमेकडून येतो, मग उलटतो आणि पूर्वेकडून येतो. त्यांनी पश्चिमवाऱ्याचे हिवाळे वेगळे काढले, पूर्ववाऱ्याचे वेगळे. आणि दिसलं! डाग वाढले की एका गटात ध्रुवावरचा वारा मंदावतो, दुसऱ्यात जोर धरतो."

मागून कुणीतरी जांभई दिली. खोली गेली, बाईंनी मनातल्या मनात तिला हात जोडले.

"आगं, ही तर माझ्या म्हशींची गत!" धुरपदाबाई उठल्या. साठीच्या, सहा म्हशींच्या मालकीण. "रेडिओ लावला की माझी चंद्री पान्हा सोडती, आन् गौरी दूध चोरती. दोघींचं एकाच कॅनात वतायचो, म्हून आमी म्हनायचो, रेडिओनं काय बी फरक न्हाय. वायलं मोजलं, तवा कळलं."

सभा खदखदून हसली. महालिंगप्पाची मान डोलली. त्याच्याही गोठ्यात तशीच एक चोरटी होती.

"पर किती वरसं बघितलं त्या बाईनं?" त्यानं विचारलं.

"बत्तीस. म्हणजे डागांच्या तीनच फेऱ्या."

"तीन धारांवर म्हशीची पारख करत्यात व्हय? आजून किती लागतील?"

"निदान दोन फेऱ्या," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं."

आण्णासाहेबांनी घसा खाकरला. "खोलीचा ठराव एका वर्षाचा हाय."

"मग बावीस लिवा की!" धुरपदाबाईंनी हात वर केला. पाठोपाठ महालिंगप्पाचा गेला, मग सगळ्यांचेच. धुरपदाबाई पुढं म्हणाल्या, "आन् बाई, तवर म्या काय न्हाय. काय निघालं ते माझ्या सुनंला येऊन सांगा. आठवणीनं."

बारा वर्षांत 'पुढं काय निघंल' असं बाईंना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी वही उघडली.

"सांगते," त्या म्हणाल्या, आणि सुनेचं नाव विचारून लिहून घेतलं.