एकोणतीस जण ठणठणीत

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: एक माणूस रस्त्याने चालला आहे आणि त्याच्या पायातली चप्पल मागेच राहिली आहे. चार पावलं झाली, आठ झाली, तरी त्याला पत्ताच नाही! तुम्ही हसाल. त्याची नऊ वर्षांची मुलगीही आधी खुदकन हसली. मग चप्पल उचलून धावत बाबांपाशी गेली. बाबांनी पायाकडे नाही, आधी आजूबाजूला पाहिलं. कुणी बघितलं तर नाही ना?

बाबा चौदा वर्षं बुटांच्या कारखान्यात तळवे चिकटवत होते. चिकटवायच्या त्या द्रवाला तिथे सोल्यूशन म्हणत. हाताला लागलं की ते साबणाने निघायचं नाही. म्हणून सुटीची घंटा झाली की सगळे थिनरने, म्हणजे रंग पातळ करायच्या उग्र वासाच्या द्रवाने, हात धुवायचे, अगदी कोपरापर्यंत चोळून. "स्वच्छतेत आमचा हात कोण धरणार!" असं बाबा ऐटीत सांगायचे.

रविवारी सुपरवायझर घरी आला, फळांची पिशवी घेऊन. मुलीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत इकडे न फिरकलेला माणूस, आज एकदम सफरचंदं?

"हातापायांना मुंग्या येतात असं दवाखान्यात सांगितलंस म्हणे," तो बाबांना म्हणाला. "सोल्यूशनच्या खोलीत तीस जण आहेत. एकोणतीस ठणठणीत. मग तुलाच कसं रे होतं?"

"काय सांगू साहेब, माझंच अंग कच्चं."

"तेच लिहिलंय या कागदावर. आजार घरचा, कारखान्याचा संबंध नाही. सही करून ठेव, उद्या नेतो."

"आणि औषधपाणी?" आईने आतून विचारलं.

"घरचा आजार म्हटल्यावर घरानेच बघायचं ना, वहिनी."

मुलगी पुढे आली. "काका, तुम्ही बसता त्या खोलीत?"

"छे गं! मी दारातूनच बघतो. त्या वासाने डोकं धरतं माझं." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. "फार बोलते हो तुमची पोरगी."

"आईवर गेलीय," बाबा म्हणाले.

तो गेला. बाबा पेन शोधू लागले.

"बाबा, बाकीचे ठणठणीत आहेत हे कुणी सांगितलं?"

"साहेबांनी."

"त्या लोकांनी नाही?"

"असं कुणी विचारतं का? दुखणं कळलं की काम गेलंच म्हणून समज."

"मग तुम्ही तुमचं सांगितलंत त्या लोकांना?"

"वेडी आहेस का?"

मुलीने कागद उचलून आईच्या हातात दिला आणि चपला न घालताच पळाली. बाबांच्या शेजारी बसून तळवे चिकटवणारी मावशी मागच्याच गल्लीत राहायची. तिने दार उघडलं.

"मावशी, डोळे मिटा," धापा टाकत मुलगी खाली बसली. "मी तुमच्या पायाच्या एका बोटाला हात लावते. कोणतं ते सांगा."

"लाव की मग," डोळे मिटून मावशी म्हणाली; मुलीचं बोट तर केव्हाचं तिच्या अंगठ्यावर टेकलेलं होतं.