ऑर्डर येईपर्यंत

संध्याकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी धनाजीराव वाइन बारच्या स्वच्छतागृहात गेले, सदरा वर करून पोटात इन्सुलिन टोचून घेतलं आणि काही न झाल्यासारखे टेबलाशी परत आले. जेवणाची ऑर्डर पाच मिनिटांपूर्वीच गेली होती. वेटर "दस मिनिट" म्हणाला होता; इन्सुलिननंतर तेवढ्यात जेवण पोटात जायला हवं होतं, नाहीतर साखर एकदम उतरते.

इन्सुलिनचं फक्त त्यांच्या मुलीला, संयोगिताला, ठाऊक होतं. समोर बसलेल्या यशराजला आणि त्याच्या आईला, अहल्याबाईंना, ते कळता कामा नये, असं तिच्या आबांनी वाडीतल्या घरातून निघतानाच बजावलं होतं. मागचं स्थळ "घरात साखर आहे" एवढ्यावरूनच मोडलं होतं. हे स्थळ मात्र संयोगिताला हवं होतं. महिनाभर रोज फोनवर बोलून तिने यशराजला मनातून होकार देऊन टाकला होता.

जागा त्यानेच निवडली होती आणि ती खरोखर देखणी होती. दगडी भिंती, मंद दिवे, छताला उलटे टांगलेले पेले. वाइन मात्र नशा न आणणारी.

"दारूबंदीत वाइन बार!" अहल्याबाई म्हणाल्या. "आमचे सासरे असते तर घोड्यावरून उतरलेच नसते."

"उतरले असते तरी काय," धनाजीराव म्हणाले, "वेटर येईपर्यंत घोडा म्हातारा झाला असता."

सगळे हसले. पावणेआठ वाजले होते. टेबलावर पाणीसुद्धा आलेलं नव्हतं.

यशराजने हात वर केला. वेटरने लांबूनच "आवे छे, सर" म्हटलं आणि पेले पुसत राहिला. थोड्या वेळाने भरलेला ट्रे आला, तो त्यांच्या टेबलावरून पुढे गेला. आबांच्या कपाळावर घाम दिसू लागला. एसी चालू होता.

"आबा, निघू या?" संयोगिता पुटपुटली.

टेबलाखाली त्यांनी तिचं मनगट धरलं. "यजमानांच्या पंगतीतून उपाशी उठायचं नाही. आणि मुलीकडच्यांनी खायला मागायचं नाही. बस."

ती बसली. मग हात धुण्याचं निमित्त करून काउंटरवर गेली. "भाई, थोडी साखर द्या. किंवा काहीही गोड."

"मॅडम, आपणे त्यां बधुं शुगर-फ्री," काउंटरवरचा माणूस, सगळंच बिनसाखरेचं असल्याच्या अभिमानाने म्हणाला. "ए ज तो आपणी खासियत छे."

"आणि आमची ऑर्डर?"

"बस, बे मिनिट."

ती परतली तेव्हा अहल्याबाई विचारत होत्या, "तुमचे धाकटे बंधू कुठे असतात?"

"हो, पाऊस बरा झाला," आबा म्हणाले. जीभ जड झाली होती. यशराज आईकडे पाहू लागला.

संयोगिता उभी राहिली. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता; केक त्यांनी बाहेरून आणलेला होता. तिथल्या बाईंना ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बेन, केक आपो ने. मारा पप्पानी शुगर उतरी गई छे."

"लो ने, लो ने," म्हणत त्या बाईंनी अख्खी ताटलीच पुढे केली. संयोगिताने बोटाने क्रीम आबांच्या तोंडात घातलं. एकदा, दोनदा, चारदा. यशराजने त्यांचा खांदा धरून ठेवला. दहाएक मिनिटांनी आबांनी डोळे नीट उघडले.

"आज जरा उपास घडला आम्हाला," ते अहल्याबाईंना म्हणाले.

अहल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "कधीपासून आहे गं?" त्यांनी संयोगिताला विचारलं.

"अकरा वर्षं."

"संयू!" आबा म्हणाले.

अहल्याबाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली. आठ वाजून वीस मिनिटांनी जेवण आलं. चौघांनी ते खाली बघून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची साखर एकशे अडतीस होती. दुपारी यशराजचा मेसेज आला: 'आबा कसे आहेत?' 'बरे आहेत,' तिने कळवलं. संध्याकाळी सहापर्यंत निजामपुऱ्याहून, यशराजच्या घरून, होकार-नकाराचं काही आलेलं नव्हतं.