मोडका दात

दृष्टी गेल्यापासून दादाकडे गॅरेजातलं एकच काम उरलं होतं. साखळीऐवजी शाफ्टवर, म्हणजे लोखंडी दांड्यावर, चालणाऱ्या मोटरसायकलचं मागचं चाक धाकटा भाऊ त्याच्या मांडीवर ठेवी, आणि दादा चाकाच्या मधोमध असलेल्या लोखंडी दातांना बोटाने ग्रीस लावी. पातळ, लेकराच्या गालाला साय लावावी तसं. आपण अजून कामाचे आहोत, एवढ्यावरच त्याचा जीव तगून होता.

आज बोटाला पुन्हा तोच मोडका दात लागला.

"अरे, हे कालचंच चाक! बदलायला सांगितलं होतं ना? गिऱ्हाईक पडेल की!"

"कुठलं गिऱ्हाईक, दादा? भंगारातली चार चाकं आहेत, आलटूनपालटून देतो. आज घोळ झाला. तू माखतोस, मी पुसतो. घरी डोक्याला ताप नको, म्हणून वहिनीनेच सुचवलं."

पलीकडचा मेकॅनिक फिसकन हसला. "दादा, आता पगारवाढ मागा!"

दादाही हसला, न हसून जातो कुठे?

"नको असेल तर घरी सोडू?" धाकट्याने विचारलं.

"नको, नको," म्हणत दादा घाईघाईने ग्रीसचा डबा चाचपू लागला. धाकट्याने गंमत म्हणून तो पायाने जरा लांब सरकवला.